दुसरा रकाना

सीबीएसच्या समोरच्या गल्लीत आमचं झेरॉक्सचं दुकान.
आठवडाभर लोक आजोबा घेऊन येतात.
आजोबांचा शाळेचा दाखला, पन्नास सालच्या आधीचा,
शाई उडालेली, घडीवर फाटलेला.
मी काच पुसतो, डार्क वाढवतो,
जातीचा रकाना उमटेपर्यंत तीनदा काढतो,
पैसे एकाचेच घेतो.
पेठ, सुरगाणा, सिन्नर, येवला,
मेलेल्या मास्तरांचं अक्षर मला वाचता येतं.
माझीही एक फाईल आहे पडताळणीत.
तिच्यात त्रुटी आहे म्हणतात. कुठली ते सांगत नाहीत.

रविवारी शटर अर्धं.
आत चार स्टुलं, रिमच्या खोक्यावर नकाशा,
वीस बाजूंचा फासा, पेपरावर ओतलेला चिवडा.
खेळवते किमया बोरस्ते.
तिनं इंजिनिअरिंग सोडलंय,
घरी अजून सांगितलेलं नाही.
भद्रकालीचा मुफद्दल, शरणपूरचा जोएल,
आणि मी नवखा.

माझ्यासाठी तिनं पत्रक मराठीत केलं, रात्र जागून.
पहिला रकाना: नाव.
दुसरा: जात.
शेजारी कंसात, बारीक अक्षरात (आवडेल ती).

मी तो कंस वाचला. परत वाचला.
‘वंश लिहिणार होते,’ ती म्हणाली,
‘पण फार पुस्तकी वाटलं.’

जोएल म्हणाला, एल्फ घे, माझ्यासारखा.
सातशे वर्षं जगतो, बाण चुकत नाही.
मुफद्दल बुटका, म्हणजे खेळात. दाढी, कुऱ्हाड,
दगडावर हात ठेवला की सांगतो
भिंत कुणी बांधली आणि कधी.
एरवी तो हार्डवेअरच्या गल्ल्यावर बसतो,
नटबोल्टांची मापं तोंडपाठ.
फार लांब नाही गेला.
आणि माणूस?
माणसाचं खास काही नाही,
सगळ्यात एकेक गुण जादा, बस.
‘नवखे माणूसच घेतात,’ किमया म्हणाली.

मी यादीच्या तळाशी गेलो.
सवय आहे, याद्या मी खालून वाचतो.
अर्धा ऑर्क. बळ अधिक दोन.
पडला तरी एकदा उठतो.
अंधारात दिसतं.
पेन्सिलीनं लिहिलं.
हा रकाना पेन्सिलीनं भरायचा असतो कुठेतरी,
हेच मला माहीत नव्हतं.

तिसऱ्या तासाला आमची टोळी एका गावाच्या वेशीशी पोचली.
चौघांच्या पखाली रिकाम्या.
किमया पहारेकऱ्याचा आवाज काढून वाचू लागली:
‘एल्फसाहेब, या. कुऱ्हाडवाले, या.
तू थांब.
तुमच्यांचं पाणी वेशीबाहेर.’

पुस्तकात तसंच होतं.
वाक्य संपता संपता तिला कळलं.
जोएलचा हात चिवड्यातच राहिला.
बाहेर त्र्यंबकची एसटी मागे घेत होते,
कंडक्टर पत्रा बडवत होता, येऊ द्या, येऊ द्या.
‘थांब,’ ती म्हणाली, ‘बदलते मी हे.
पहारेकरी झोपलाय म्हणू.’

झोपलाय म्हणू.
इतकं सोपं, आणि तिनं ते मनापासून दिलं होतं.
मी म्हटलं, नको, जागाच राहू दे.
मला त्याच्याशी बोलायचंय.

फासा जरा जोरात पडला.
खोक्यावरून उडाला, फरशीवर टणटण करत
मशिनखाली गेला.
जोएलनं मोबाइलचा टॉर्च लावला.
मी पोटावर झोपून हात घातला:
टोनरची काळी धूळ, स्टेपलरच्या पिना,
कुणाचा तरी पासपोर्ट फोटो,
दोन्ही कान दिसतील असा काढलेला.
‘किती पडले? अरे, किती?’ वरून तिघं.

टॉर्च बंद कर, मी म्हटलं.
मला दिसतं.